शेटचा काळा दगूड आनि माजा अंगठा

आमच्या पंचक्रोशीत माज्याइतकी झरझर शेळीची धार काढनारा दुसरा गडी तुमाला हुडकून घावायचा न्हाई. घरातल्या एकाच शेळीची मी काढली, नि चार म्हैन्यात तिची निम्मी कास दगूड झाली.

ती शेळी माज्या बायकूची. तिच्या भावानं दोरीसकट आनून दिल्याली. बायकूच्या माहेरच्यांनी तिच्यासाठी दोनदा इचार केला, एकदा लगीन करून दिलं नि एकदा शेळी दिली. दुसऱ्या खेपंला त्येंनी निदान तिचं भलं बगितलं, आसं ती म्हनायची.

धार मीच काढनार म्हनून मी हट्ट धरला. घरानंच शेरडा-मेंढरांचं, मला कोन शिकवनार? मंग एक दिस कास सुजली, तापली, हाताला घट्ट लागाय लागली, नि दुधात नासल्यावानी गुठळ्या आल्या. आमच्याकडं त्येला दगडी म्हनत्यात. मी म्हनलं, दिष्ट लागली. मिरच्या ओवाळून जाळल्या. शेळी शिंकली, मी शिंकलो, दगडी हाय तितंच. डॉक्टर येऊस्तवर एक सड कायमचा बसला. शेळीला सड आसत्यात दोन, त्यातला एक मी घालवला.

बायकू रडली न्हाई. ती रडली आसती तर मी समजूत तरी काढली आसती. ती म्हनली, “आजपासनं तुमी माज्या घरात कुठल्या बी सडाला हात लावायचा न्हाई.”

म्हनून मी दुसऱ्याच्या घरात गेलो.

दुसरं घर म्हंजी शेटचं. शेट म्हंजी आमच्या विट्याकडचं गलाईवालं. सोनं वितळवायचं, त्येचा कस काढायचा, ह्यो धंदा त्येंनी चाळीस वरसं पार तिकडं केरळात केला आनि दुकान लेकाच्या हवाली करून गावाला आलं. आमच्यात आसं परत आल्यालं मानूस बंगला बांधतंय, द्राक्षं लावतंय, न्हाईतर निवडनुकीला उभं ऱ्हातंय. शेटनं बंगला बांधला आनि गाडी लावायच्या जागंला अकरा शेरडं बांधली. खाली चकचकीत फरशी हुती, शेरडं घसराय लागली, तवा शेटनं सवताच्या हातानं टिकाव घिऊन ती फोडली. शेटीनबाई लेकाकडं गेल्या त्या ह्या फरशीपाई, आसं गाव म्हनायचं. शेट म्हनायचं, “फरशी तिची हुती, शेरडं माजी. कुनी कुनाला नावं ठिवायची न्हाईत.”

शेटला मानसांची नावं ध्येनात ऱ्हायची न्हाईत, कस ऱ्हायचा. सरपंच अठरा क्यारेट. पोस्टमन वीस. डेरीवाला सोळा, ते बी सकाळच्याला. बावीसचं गावात एक बी न्हाई म्हनायचं. मी एकदा इचारलं, “आनि चोवीस, शेट?”

“चोवीसचा दागिना घडत न्हाई गड्या. वाकतोय.”

शेटनं पयल्यांदा मला टपरीवर बगितलं तवा मी चा पित हुतो. शेरडांना गडी पायजे म्हनून ते कुनाला तरी इचारत हुतं. मी म्होरं झालो.

“धार काढाय येती?”

“शेट, आमचं घरानं—”

“घरान्याची न्हाई इचारली. तुजी इचारली.”

त्येंनी माजा हात धरला, गळ्यात दोऱ्यानं बांधल्यालं सोनाराचं भिंग डोळ्याला लावलं नि माजी नखं बगाय लागलं. टपरीवरची सगळी बगाय लागली. मला वाटलं हात बगत्यात, म्हनून मी इचारलं, “शेट, घर बांधीन का मी?”

“ह्या नखातल्या मातीत दोन खोल्या निघतील,” शेट म्हनलं. “चौदा. उद्या नखं काढून ये.”

तवापासनं गावानं माजं नाव चौदा पाडलं. अजून बी काय जन हाका मारत्यात. मी वळून बगतो, ही माजी चूक.

दुसऱ्या दिशी मी नखं काढून गेलो. शेटनं मला पाटावर बसवलं, म्होरं शेळी हुबी केली आनि म्हनलं, काढ. मी बोटं चरवीतल्या दुधाच्या फेसात बुडवली, अंगठा आत मुडपला, आनि घरान्याची रीत दावली. म्हंजी मुडपल्याल्या अंगठ्याच्या हाडावर सड दाबायचा नि खाली वढायचा. झरझर येती धार. शेट वाकून बगत हुतं. ते मला म्हनलं, “तुजी करंगळी दे.”

दिली. त्येंनी माजी करंगळी आपल्या मुठीत धरली, अंगठा मुडपला आनि तशीच वढली. मी बोंब ठोकली. शेरडं बुजली.

“एकदाच वढली,” शेट म्हनलं. “तू हिची शंभरदा वढतोस, रोज दोन टायमाला. ती बोंबलत न्हाई म्हनून तिला बरं वाटतंय व्हय रं?”

मंग त्येंनी माज्या अंगठ्याला बारकी काटकी लावून चिंधी गुंडाळली, मोडल्यावानी. मुडपायला येऊ नये म्हनून. वरची दोन बोटं आधी आवळायची, मंग खालची, मंग त्येच्या खालची, दूध वरनं खाली दाबत आनायचं, वढायचं न्हाई. म्हैनाभर मी तसला बांधल्याला अंगठा घिऊन गावातनं फिरलो. लोक इचारायची, काय झालं? मी सांगायचो, कुस्तीत लागलं. बायकू मागनं म्हनायची, “व्हय, शेळीसंगं.”

शेटचं हात धुनं म्हंजी एक सोहळाच हुता. दारातच बादली, साबन, टावेल. आधी हात, मंग शेळी. मी एकदा म्हनलं, “शेट, तुमच्या दुकानात बी आसंच हात धुत हुते?”

“धुत हुते की. काम झाल्यावर. हाताला लागल्यालं सोनं वाया जाऊ ने म्हनून ते पानी बी ठिऊन द्यायचो आमी. हितं कामाच्या आधी धुवायचं.”

“का?”

“कारन हितं तुज्या हाताला जे लागलंय ते सोनं न्हाई.”

परतेक शेळीला कास पुसायला येगळं फडकं. शेटीनबाईंच्या जुन्या लुगड्याची अकरा फडकी, धुऊन, उकळून, दोरीवर वाळत घातल्याली. येनाऱ्या-जानाऱ्या बाया इचारायच्या, “शेटच्यात कोन बाळंत झालं वं?” ओली कास तशीच सोडायची न्हाई, ओला सड दाबायचा न्हाई. आनि फेसात बोटं बुडवायची तर न्हाईच न्हाई. फेसात बोट दिसलं की शेट म्हनायचं, “आता ते दूध तू पी.” आनि पाजायचं. पयल्या आठवड्यात मी जरा गुटगुटीत झालो.

बोकडाचं तर इचारूच नगा. शेटच्या बोकडाची नि माजी दोस्ती. मी त्येच्या गळ्यात हात टाकून बसायचो, बिडी वढायचो. एकदा तसाच उठून धारंला बसलो. शेटनं माजा वास घेतला, मंग चरवीत नाक घातलं. म्हनलं, “दूध बोकडाचं काढलंस काय रं?” बोकड धारंच्या जागंपासनं पार विहिरीकडं बांधला, आनि मला धारंआधी अंघूळ नि धुतल्याली बंडी लागू केली. बायकूनं शेटला नारळ पाठवला. म्हनली, “एवढ्या वरसांत मला जमलं न्हाई ते शेटनी एका दिसात केलं.”

पर खरी गंमत दगडाची.

शेटकडं सोनं घासायचा दगूड हुता. काळा, गुळगुळीत, तळहाताएवढा. चाळीस वरसं त्येच्यावर सोन्याची रेघ वढून कस बगितल्याला. आता त्येच्यावर ते शेळीची पयली धार घ्यायचं. दोनी सडाची येगळी येगळी. काळ्यावर पांढरं, गुठळी आसली, चिंधी आसली, दूध पान्यावानी आसलं, लगीच दिसायचं. मंग भिंग लावून बगायचं, मंग दगूड धुवायचा, मंग दुसरी शेळी. “सोनं खोटं बोलतंय,” शेट म्हनायचं, “दूध बी बोलतंय. तू तर बोलतोसच. दगूड तेवढा बोलत न्हाई.”

आता आमच्यात पयली धार भुईला सोडत्यात, बिरोबाच्या नावानं. बा सोडायचा, आजा सोडायचा. मी दगूड बाजूला सारून भुईला सोडली. शेट म्हनलं, “ह्ये काय?”

“देवाची धार, शेट.”

“न तपासता?”

मी पायानं ओली भुई सारखी कराय लागलो.

“आधी दगडावर. खराब निघाली तर देवाला देनार हुतास काय? आनि भुईला नगं. त्याच भुईवर ती आता बसनार, कास टेकून. चांगली निघाली की दुसरी धार वाटीत काढ नि देवाला ठेव. देव वाटीतनं पितोय, त्येला सवय हाय.”

मी म्हनलं, देव रागावला तर? शेट म्हनलं, “माज्याकडं पाठव.” आजवर आल्याला न्हाई.

धार झाली की परतेक सड तपकिरी औषधाच्या वाटीत बुडवायचा, आनि लगीच शेळीम्होरं चारा. अर्धा तास तिला बसू द्यायचं न्हाई. मी इचारलं, ह्ये कशापाई? आमी तर धार काढून शेळी सोडून देतो, ती हवं तितं बसती. शेट म्हनलं, “धार झाल्यावर सडाचं तोंड थोडा येळ उघडं ऱ्हातंय. शटर उघडं ठिवून मालक जेवाय जातोय व्हय? हुबं ऱ्हायला पायजे तिनं.”

आनि नंबर. सगळ्या शेरडांचा धारंचा नंबर ठरल्याला. पयलटकरनी आधी, मंग निरोगी, आनि सगळ्यात शेवटी काळुंद्री. काळुंद्रीला आदुगर दगडी झाल्ती, एका बाजूला अजून ऱ्हायल्याली. तिची धार काढल्याला हात दुसऱ्या शेळीला लावायचा न्हाई. ह्ये शेटनं मला पन्नास येळा सांगितलं. पन्नास येळा मी व्हय म्हनलो.

रोज जेवताना मी बायकूला ह्ये समदं सांगायचो. शेट किती खुळं हाय, आज काय केलं, शेळीला टावेल, देवाला वाटी, सडाला शटर. ती भाकरी थापत ऐकायची.

आता चांदीचं सांगतो. चांदी म्हंजी शेटची सगळ्यात भारी शेळी. पांढरीशिपत, दुधाला चरवी भरून. आवाज मातूर बिघडल्याल्या यस्टीच्या हारनवानी. ती वरडली की वळनावरची मोटरसायकल कडंला घ्यायची. तिला एक पाट हुती. पाट म्हंजी शेळीची लेक, अजून न व्याल्याली. आईसारखीच पांढरी. तीन म्हैन्याची हुती तवा पाडव्याच्या दिशी मी तिला कुरवाळत बसलो हुतो, नि शेट मागं येऊन हुबं ऱ्हायलं.

“पायजे?”

मी तिला आनखी पोटाशी धरलं.

“ह्या पाडव्यापासनं फुडच्या पाडव्यापातूर. वरीसभर तुज्या हातनं दगडावर गुठळी आली न्हाई, तर पाट तुजी. घिऊन जा.”

घरी येऊन बायकूला सांगितलं. ती चुलीम्होरनं उठली, भाईर गेली, नि आमची ती एका सडाची शेळी इकल्यापासनं रिकामा पडल्याला खुटा दोनी हातानं हलवून बगितला, पक्का हाय का. मंग आत येऊन परत भाकरी थापाय लागली. तवापासनं मला त्यो खुटा येता-जाता दिसायचा. आधी बी तितंच हुता, पर आधी दिसायचा न्हाई.

साडेधा म्हैनं मी काढली. खरंच काढली. रोज दोन टायमाला अकरा शेरडं, दगडावर गुठळी म्हनून आली न्हाई. काळुंद्रीची आली तर ती हिशोबात न्हाई, आसं ठरल्यालं. शेट मला चौदाचा सोळा म्हनाय लागलं. एकदा तर चुकून सतरा म्हनलं, लगीच माघारी घेतलं.

आनि केरळात शेटच्या पुतन्याचं लगीन निघालं. आठ दिसासाठी ते गेलं. जाताना दगूड माज्या हातात दिला. भिंग न्हाई दिलं. “सकाळ-संध्याकाळ फोन करीन. तोंड नगं दावू, दगूड दाव.”

चार दिस दावला. शेट तिकडनं बगायचं, ‘हं’ म्हनायचं, ठिवायचं.

पाचव्या दिशी खालच्या गावात बैलगाडीच्या शर्यती. आता सातारा-सांगलीत शर्यत हाय आनि गडी घरात बसलाय, आसं कवा झालंय? मी दुपारी तीनलाच धारंला बसलो. संध्याकाळच्या फोनचं काय केलं म्हनाल तर... आता लपवून काय करू, शेटला सांगितलं, रेंज न्हाई. काळुंद्री फाटकाजवळ बांधल्याली हुती, म्हनून आधी तीच घेतली. तसाच हात चांदीला लावला. तेच फडकं. अंगठ्याची काटकी कवाच सुटली हुती, घाईत अंगठा आपोआप आत मुडपला, घरान्याचा अंगठा त्यो. औषधाची वाटी घेतली न्हाई. चारा टाकला न्हाई. मी फाटक लावताना वळून बगितलं तर चांदी खाली बसत हुती.

शर्यतीत मी ज्या बैलावर बोंबललो त्यो शेवटचा आला.

दोन दिसांनी सकाळी चांदीनं मला लाथ मारली. तिनं कवा मारली न्हवती. हात लावला तर कास एका बाजूला गरम, घट्ट. दगडावर धार घेतली, नि काळ्यावर बारीक बारीक गुठळ्या, दही मोडल्यावानी. मी बगतच ऱ्हायलो. मला ती गुठळी दिसंना, खुटा दिसाय लागला. आनि त्येच्या मागं हुबी बायकू.

तेवढ्यात फोन वाजला.

मी काय करावं? मी दगूड धुतला. पळत पलीकडच्या हरनी शेळीकडं गेलो, तिची धार दगडावर घेतली आनि फोन उचलला. शेट कार्यालयात हुतं, डोक्याला फेटा, मागं अक्षता घिऊन लोक हुबी. शेटच्या खांद्यावरनं चार-पाच पावनं बी फोनात डोकावत हुतं, शेटनं त्येंना दगडाचं सांगितल्यालं आसनार.

“ही कुनाची?”

“चांदीची, शेट.”

शेट बगत ऱ्हायलं. दगूड चकाचक. “हं,” म्हनलं.

आनि तिकडं कोपऱ्यातनं हारन वाजला.

“ह्यो आवाज कसला?” शेट म्हनलं.

“यस्टी आली वाटतं.”

“नऊ वाजता आपल्या गावाला यस्टी हाय व्हय?”

“नवी चालू झाली, शेट.”

परत हारन. लांबलचक.

शेटनं फोन डोळ्याजवळ घेतला. निस्ता एक डोळा दिसाय लागला. “चांदी तिकडं खांबाला वरडतीया, आनि तिची धार हितं तुज्या मुठीत? तिची कास काय रबराची हाय?”

मागनं पावनी हसली. शेट हसलं न्हाईत.

“चौदा म्हनलो हुतो तुला,” ते म्हनलं. “चाळीस वरसांत पयल्यांदा माजा कस चुकला. तू पितळ. वरनं मुलामा. आता फोन घिऊन चांदीकडं जा, आनि खरा दगूड दाव.”

गेलो. चांदीची धार घेतली. शेटनं बगितलं. तिकडं मंगलाष्टका सुरू झाल्या, कुनीतरी त्येंचा हात वढत हुतं, पर ते हललं न्हाईत. मला वाटलं आता शिव्या येतील. ते हळूच म्हनलं, “दुखत आसंल गं तुला.” ते चांदीला म्हनलं.

मंग मला, “डॉक्टरला आत्ताच्या आत्ता आन. मिरच्या ओवाळत बसू नगं. तिला येगळी बांध. दर तीन तासानं कास मोकळी कर, मुठीनं, हळू. ते दूध कुनी प्यायचं न्हाई, करडांना बी न्हाई. भुईला सांडायचं न्हाई. आनि ऐक.”

“काय शेट?”

“अंगठा बांध.”

शेट लगीन तसंच टाकून निघालं. तिसऱ्या दिशी सकाळी फाटकात उतरलं, हातात लाडवाची पिशवी. बंगल्यात गेलं न्हाईत, माज्याकडं बगितलं न्हाई. आधी हात धुतलं. मंग चांदीम्होर बसलं. मी तीन दिस तितंच बसल्याला, दर तीन तासाला धार, दाढी वाढल्याली, अंगठ्याला काटकी. डॉक्टरनं सुया दिल्त्या. शेटनं कासंला हात लावला, सड चोळून बगितला, दगडावर धार घेतली, भिंग लावलं. गुठळ्या हुत्या, पर कमी.

“कुनी काढली तीन दिस?”

“मीच, शेट.”

“हं,” म्हनलं. बास.

पाचव्या दिशी दगूड साफ आला. दोनी बाजूचा. कास मऊ पडली, चांदीनं हारन वाजवला. सड वाचला. मी शेटच्या पायाशी बसलो आनि म्हनलं, “शेट, गुठळी आली. करार मोडला.”

“गुठळीचा मला राग न्हाई,” शेट म्हनलं. “माज्या हातनं बी आल्यात गुठळ्या. काळुंद्रीची दगडी कुनाच्या हातनं झाली आसं वाटतंय तुला? तू दगूड धुतलास रं.”

एवढं बोलून ते बोकडाला पानी पाजाय गेलं. त्या दिशी पयल्यांदा मला कुनी चौदा म्हनावं आसं वाटलं.

घरी बायकूला सांगितलं. सगळं सांगितलं, यस्टीसकट. तिनं ऐकलं. भाईर जाऊन खुट्यावर वाळत घातल्याला माजा टावेल काढून आत आनला, नि मंग परत तितंच नेऊन ठिवला. मी म्हनलं, शिवी तरी दे. ती म्हनली, “तुमाला शिवी देऊन शेळी येती व्हय?”

पाडवा आला. गुढी हुबी करत हुतो, आनि बगतो तर गल्लीतनं शेट येत्यात, हातात दोरी, दोरीला पाट. शिंगाला हळद लावल्याली. माजी छाती फुगली. मी चार शेजारी हाका मारून बोलावलं. म्हनलं, बगा, शेट माज्यासाठी चालत आलं. गुढी तशीच तिरकी सोडून मी दोनी हात म्होरं केलं.

शेट माज्या हाताला वळसा घालून गेलं.

“पोरी,” त्येंनी बायकूला हाक मारली, “हात दाव.”

तिनं पदराला पुसून हात दावलं. शेटनं भिंग लावलं. शेजारी बी वाकली. नखं बारीक काढल्याली.

“पयली धार कुठं?”

“दगडावर,” बायकू म्हनली. “दोनी सडाची येगळी.”

“देवाची?”

“दुसरी. वाटीत.”

“धार झाल्यावर?”

“सड औषधात बुडवायचा, चारा टाकायचा. अर्धा तास बसू द्यायचं न्हाई. शटर उघडं आसतंय.”

शेट माज्याकडं वळलं, मंग तिच्याकडं. “तुला ह्ये कुनी शिकवलं?”

“ह्येंनी,” बायकू म्हनली. “रोज जेवताना तुमाला शिव्या देत हुते, त्यातनं.”

शेटनं दोरी तिच्या हातात दिली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल आसं म्हनलं, “बावीस.” गावातलं पयलं बावीस माज्याच घरात निघालं, आनि मी चौदा वरसं तिच्याबरुबर काढून मला पत्ता न्हवता. माज्याबद्दल म्हनलं, “ह्येला तोंड धराय ठेव. शेळीचं.”

पाट खुट्याला बांधली. खुटा पक्काच हुता.

शेट त्येच्यानंतर दीडेक वरीस हुतं. एक दिस सकाळी आमी दोघं धारंला बसलो हुतो. हरनीची धार दगडावर आली, शेटनं भिंग लावलं, “साफ,” म्हनलं नि दगूड धुवाय निघालं. मला गुठळी दिसली. बारकी, पर दिसली. मी म्हनलं, “शेट, थांबा.” बोट लावून दावली. त्येंनी परत भिंग लावलं, डोळा बदलला, दगूड उन्हात धरला. लय येळ. मंग म्हनलं, “कुठं रं?”

मी म्हनलं, “न्हाई शेट, मलाच भास झाला.”

“धुऊ नगं,” ते म्हनलं. “परत धुऊ नगं. हाय ना?”

“हाय.”

दोनी डोळ्यात मोतीबिंदू हुता. त्येंनी त्याच दिशी लेकाला फोन लावला, शेरडं भावकीत वाटून दिली आनि म्हैन्याभरात तिकडं गेलं. म्हनलं, “कस दिसंना झाल्यावर गादीवर बसू ने.” जाताना चांदीच्या गळ्याला हात लावला. दगूड माज्या बायकूला दिला, नि भिंग बी. मी हात म्होरं केल्ता, पर माज्या हाताला आता वळशाची सवय झाल्याली.

तिकडं आपरेशन झालं, दिसाय लागलं. आता रोज सकाळी नऊला फोन येतोय. आमची पाट आता तिसऱ्यांदा व्यालीया, आवाज आईचाच. बायकू धारंला बसती, मी एका हातात चारा नि एका हातात फोन धरून म्होरं हुबा. परवा शेटनं दगूड बगितला, दोनदा बगितला, म्हनलं, “साफ. पोरी, बावीस.”

मला ऱ्हावलं न्हाई. एवढी वरसं झाली, चारा धरतो, फोन धरतो, टायमावर धरतो. म्हनून मी फोन जरा माज्याकडं वळवला, दाढी बी केल्ती त्या दिशी, आनि इचारलं, “शेट, आनि मी? मी आता किती?”

शेटनं डोळं बारीक केलं. मला वाटलं, अठरा तरी म्हनतील.

“बाजूला सर रं,” शेट म्हनलं. “शेळी दिसंना.”